डोके गेलेला स्क्रू

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात एक कप्पा बहुधा नादुरुस्त वस्तूंचा असतो. त्यात एखादा मल्टिमीटर असतो, दोन-तीन गणकयंत्रे असतात, विजेरी असते, सौर कंदील असतो, डिजिटल घड्याळ असते. साठा-नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘बंद’ असा शेरा पडलेला असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये असे कप्पे उघडून पाहण्याचे प्रसंग आम्हाला आले. तेव्हा असे दिसले की यांतल्या कित्येक वस्तूंच्या सर्किटमध्ये दोष नसतोच. सेल संपलेला असतो किंवा गळलेला असतो, एखादी तार सुटलेली असते. पण तिथपर्यंत पोचण्यासाठी जो चिमुकला स्क्रू काढायला हवा, त्याचे डोके गेलेले असते. दहा-वीस रुपयांचा सेल बदलता येत नाही म्हणून कित्येक पट किमतीचे उपकरण पडून राहते.

शहरात असे झाले तर आपण ते उपकरण जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन देतो. जंगलातल्या तालुक्यात हे सोपे नाही. भामरागडहून गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताही बंद होतो. २०१९ च्या पावसाळ्यात तर हे वारंवार घडले. एटापल्ली, सिरोंचा, कोरची, जिवती इथल्या शिक्षकांनाही अंतराचा हा हिशेब ठाऊक आहे. तेव्हा स्क्रू का घसरतो आणि घसरल्यावर तो कसा काढायचा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. शिवाय त्याचे उत्तर शोधताना आठवी-नववीच्या पुस्तकातली तरफ, उतरण, घर्षण आणि क्षरण ही सगळी मंडळी एकाच जागी भेटतात.

डोके आणि आटे

आधी शब्दांचा घोळ मिटवू. ‘स्क्रू फ्री झाला’ असे आपण दोन वेगळ्या दोषांना म्हणतो. एका प्रकारात स्क्रू गोल गोल फिरत राहतो, पण वर येत नाही किंवा घट्ट बसत नाही. इथे आटे गेलेले असतात. स्क्रूचे, किंवा बहुतेक वेळा तो ज्यात बसतो त्या प्लॅस्टिकच्या भोकाचे. दुसऱ्या प्रकारात स्क्रू जागचा हलतच नाही, स्क्रू ड्रायव्हर मात्र त्याच्या डोक्यावर गरगर फिरतो. इथे आटे शाबूत असतात. गेलेली असते ती डोक्यावरची खाच. या लेखाचा विषय हा दुसरा दोष आहे.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधले स्क्रू बहुधा १.६ ते ३ मिलिमीटर जाडीचे असतात. उदाहरणादाखल आपण २ मिलिमीटरचा स्क्रू घेऊ. त्याच्या फुगीर डोक्याचा व्यास प्रमाणित मापानुसार ४ मिलिमीटर असतो. लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर ०.४ मिलिमीटर, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला स्क्रू तेवढाच वर येतो. डोक्यावर फुलीच्या आकाराची खाच असते. तिचा विस्तार एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत जेमतेम २ मिलिमीटर भरतो. ही मापे लक्षात ठेवू. पुढे ती उपयोगी पडणार आहेत.

फुली का घसरते

पूर्वी स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ चीर असे. शिलाई मशीनवर ती आजही दिसते. चिरेतून स्क्रू ड्रायव्हर बाजूला घसरतो आणि तो मध्यावर आणायला हात थांबवावा लागतो. कारखान्यात यंत्राने हजारो स्क्रू बसवताना ही अडचण मोठी होती. अमेरिकेतील पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्पसन यांच्याकडून फुलीच्या खाचेची कल्पना विकत घेतली, ती सुधारली आणि १९३६ साली तिची पेटंटे मिळवली. त्याच सुमारास जनरल मोटर्सने कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत हे स्क्रू वापरायला सुरुवात केली आणि काही वर्षांत ते जगभर पसरले. आपल्याकडे दुकानात ‘स्टार’ म्हणून मिळतो तो स्क्रू ड्रायव्हर याच घराण्यातला.

फुलीची खाच खाली निमुळती होत जाते, त्यामुळे ड्रायव्हरचे टोक आपोआप मध्यावर बसते. पण या गुणातच दोषाचे मूळ आहे. खाचेच्या भिंती पूर्ण उभ्या नाहीत, किंचित उताराच्या आहेत. ड्रायव्हर फिरवताना त्याचे पंख या भिंतींवर दाब देतात. भिंत तिरपी असल्याने तिची प्रतिक्रियाही तिरपी असते. उतरणीवर ठेवलेल्या वस्तूचे आपण करतो तसे या बलाचे दोन घटक करून पाहा. एक घटक फिरवण्याला विरोध करतो. दुसरा ड्रायव्हरला स्क्रूच्या अक्षाच्या दिशेने वर ढकलतो. जितका जोराने पिळाल तितका हा वर ढकलणारा घटक वाढतो. तो आपल्या खाली दाबण्याच्या बलापेक्षा मोठा झाला की ड्रायव्हर खाचेतून उसळून वर येतो. येताना भिंतींच्या कडा तासून काढतो. दुसऱ्यांदा धरायला भिंत आणखी कमी उरते, म्हणून तो आणखी लवकर उसळतो. असे चार-पाच वेळा झाले की फुलीच्या जागी एक गुळगुळीत खळगा राहतो.

यात भर पडते ती चुकीच्या मापाच्या ड्रायव्हरची. फुलीच्या ड्रायव्हरना क्रमांक असतात: ०००, ००, ०, १, २ असे चढत्या आकाराचे. ० क्रमांकाच्या खाचेत ०० चे टोक बसते, फिरतेही. पण ते तळाशी टेकते आणि पंखांच्या आतल्या भागालाच धरते. जपानी बनावटीच्या जुन्या कॅमेऱ्यांत आणि इतर यंत्रांत आणखी एक पेच आहे. जपानच्या राष्ट्रीय मानकातली फुली फिलिप्सच्या फुलीसारखी दिसते, पण तिचा घाट थोडा वेगळा आहे. अशा स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. त्यात फिलिप्सचे टोक पुरते खोल बसत नाही आणि कडा जातात.

ऊन, पाऊस आणि गंज

ड्रायव्हर घसरतो तो स्क्रू हलत नाही म्हणून. मग स्क्रू इतका घट्ट का बसतो?

गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवा दमट, खोल्या बंद, वस्तू कपाटात. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो हे आपण शिकवतोच. पण गंजाचे आकारमान ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्या दुपटीहून अधिक असते, ही गोष्ट अनेकदा सांगायची राहते. स्क्रूचे आटे आणि भोकाचे आटे यांच्यात केसाएवढी फट असते. तिथे गंज धरला की तो फुगतो आणि पाचर ठोकावी तसा ती फट भरून टाकतो. सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज हेमॅटाइट आहे, म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. भट्टीत बरीच ऊर्जा खर्चून आपण त्या जातीच्या खनिजातला ऑक्सिजन काढतो आणि पोलाद करतो. गंजणे म्हणजे त्या पोलादाने पुन्हा खनिजाच्या वाटेला लागणे.

अनेक वस्तूंमध्ये पोलादी स्क्रू पितळेच्या बारीक नळीत बसवलेला असतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे तिथे एक इवलासा विद्युतघट तयार होतो. त्यात पोलादाची झीज जलद होते. सेल गळला असेल तर आणखी वाईट. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी पूड जमते. जुन्या पद्धतीच्या झिंक-कार्बन सेलमधली क्लोराइडे लोखंड खातात. झाकणाचा स्क्रू नेमका सेलच्या शेजारीच असतो, त्यामुळे पहिला फटका त्यालाच बसतो.

उन्हाळ्याचा परिणाम उलट दिशेचा आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंश सेल्सिअसपर्यंत जाणे नवलाचे नाही. उपकरणांच्या डब्यांसाठी वापरले जाणारे एबीएस प्लॅस्टिक उष्णतेने पोलादाच्या सहा-सात पट प्रसरण पावते. शिवाय सतत दाबाखाली असलेले प्लॅस्टिक तापले की हळूहळू सरकते आणि स्क्रूवरची पकड सैल पडते. झाकण खुळखुळू लागले की कोणीतरी तो स्क्रू कचकचून पिळतो. पावसाळ्यात त्याच स्क्रूला गंज धरतो. पुढच्या वर्षी सेल बदलायची वेळ येते तेव्हा खाच अर्धी गेलेली आणि आटे पुरते आवळलेले, अशी दोन्हीकडून अडचण झालेली असते.

जंगलात महिनोन् महिने काम करणाऱ्या उपकरणांचे हाल याहून मोठे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात वाघांची मोजणी झाडांना बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते. देशात २०१८-१९ च्या मोजणीसाठी २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. धूळ, दव आणि ऊन सोसणाऱ्या उपकरणाचे झाकण वेळेवर उघडता येणे आणि पुन्हा घट्ट बंद करता येणे ही तिथे कामाचीच बाब असते.

बाहेरून धरायचे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. खाच गेली म्हणजे स्क्रूचे सगळे डोके गेले असे नाही. डोक्याचा बाहेरचा गोल काठ बहुतेक वेळा जसाच्या तसा असतो. तो धरता आला तर? थोडा हिशेब करून पाहू.

स्क्रू फिरवण्यासाठी लागते ते आघूर्ण, म्हणजे बल गुणिले अक्षापासूनचे अंतर. समजा आपला २ मिलिमीटरचा अडकलेला स्क्रू सोडवायला ०.३ न्यूटन-मीटर आघूर्ण हवे. ड्रायव्हर खाचेच्या भिंतींवर बल लावतो तेव्हा ते अक्षापासून सरासरी पाऊण मिलिमीटरवर लागते असे धरू.

०.३ ÷ ०.०००७५ = ४०० न्यूटन

म्हणजे त्या नखाएवढ्याही नसलेल्या खाचेच्या भिंतींना मिळून सुमारे ४० किलो वजनाएवढे बल झेलावे लागते. स्क्रूचे पोलाद त्या मानाने मऊ असते, कारण त्याचे डोके थंड तारेवर ठोकून घडवलेले असते. तिथली भिंत हार खाते यात आश्चर्य नाही. आता हेच आघूर्ण डोक्याच्या बाहेरच्या काठावर, म्हणजे अक्षापासून २ मिलिमीटरवर लावू.

०.३ ÷ ०.००२ = १५० न्यूटन

बल एकदम निम्म्याहून खाली आले. दोन जबड्यांत ते वाटले तर प्रत्येकी ७५ न्यूटन. शेतातल्या रहाटाचा दांडा लांब का ठेवतात, दाराची मूठ बिजागरीपासून दूर का लावतात, त्याचेच हे छोटे रूप. डोक्याचा काठ म्हणजे आपल्याला फुकट मिळालेली लांब बलभुजा आहे.

प्रश्न उरतो तो धरण्याचा. गुळगुळीत जबड्यांनी फक्त घर्षणाच्या जोरावर धरायचे म्हटले आणि पोलादावर पोलादाचा घर्षणांक ०.२ मानला, तर ७५ न्यूटनसाठी प्रत्येक जबड्याने ३७५ न्यूटन दाब द्यायला हवा. पक्कड ही दोन तरफांची जोडी आहे. टेकूपासून टोक २० मिलिमीटरवर आणि हाताची पकड ८० मिलिमीटरवर असेल तर बल चौपट होते. म्हणजे मुठीने सुमारे ९४ न्यूटन, साडेनऊ किलो वजनाइतका दाब द्यावा लागेल. हे मोठ्या माणसाला जमते. पण स्क्रूवर तेलाचा हात लागला असेल तर घर्षणांक निम्म्यावर येतो, मग दाब दुप्पट हवा. तिथे हात थरथरतो आणि पक्कड निसटते. म्हणून नुसत्या घर्षणावर विसंबून भागत नाही. जबड्याला दात हवेत.

दात कोणत्या दिशेला?

कोणी म्हणेल की नेहमीच्या नोज प्लायरला दात असतातच. असतात, पण ते चुकीच्या दिशेला. एक नोज प्लायर हातात घेऊन जबडे उघडून पाहा. दातांच्या रेषा जबड्याच्या लांबीला आडव्या आहेत. तार धरून ओढताना ती निसटू नये यासाठी ही रचना आहे. आता ही पक्कड उभी धरून तिच्या टोकांत स्क्रूचे डोके पकडा. दातांच्या रेषा डोक्याच्या परिघाला समांतर येतात. डोके वर निसटायला त्या अडवतात. पण डोके फिरू लागले तर ते त्या रेषांच्या कडेकडेने, रुळावरून डबा जावा तसे सहज फिरते. आपल्याला फिरण्यालाच अडवायचे आहे.

त्यासाठी दात स्क्रूच्या अक्षाला समांतर, म्हणजे जबड्याच्या लांबीच्या दिशेने हवेत. हे तत्त्व आपण रोज वापरतो. पाण्याच्या बाटलीच्या झाकणावरच्या रेघा पाहा. त्या उभ्या असतात, झाकणाभोवती वळसे घालणाऱ्या नसतात. टूथपेस्टचे टोपण, रेडिओचे बटण यांवरही उभ्याच रेघा. झाकण फिरवताना बोटांची कातडी त्या रेघांत रुतते आणि बल घर्षणाऐवजी सरळ अडवणुकीने पोचते.

घासलेले स्क्रू काढण्याची खास पक्कड म्हणजे हीच युक्ती. तिच्या जबड्यांच्या टोकाशी उभे दात कोरलेले असतात. टोके आतून किंचित खोलगट असतात, त्यामुळे गोल डोक्याला दोन्ही बाजूंनी एकाच रेषेवर न टेकता थोड्या अधिक भागावर टेकतात. साधी पक्कड जाड वस्तू धरताना टोकाशी फाकते आणि डोके बाहेर निसटू पाहते. खास पकडीची टोके आतल्या बाजूला कललेली असतात, म्हणून डोके धरल्यावर ती त्याच्या काठाखाली अडकतात. जबडे कठीण केलेल्या पोलादाचे असतात. दाबले की त्यांचे दात स्क्रूच्या मऊ पोलादात किंचित रुततात आणि डोक्याच्या काठावर जणू नव्या खाचा पाडतात.

जपानमधल्या ओसाका येथील इंजिनियर नावाच्या अवजारांच्या कंपनीने २००२ साली अशी पक्कड ‘नेजी-सॉरस’ या नावाने बाजारात आणली. जपानीत नेजी म्हणजे स्क्रू. उरलेले सॉरस डायनोसॉरचे. बाजूने पाहिले तर तिचे तोंड खरोखरच एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्यासारखे दिसते. आता याच तत्त्वावरच्या, लहान डोक्यांसाठीच्या पकडी इतर उत्पादकही बनवतात. विकत घेताना नाव न पाहता तीन गोष्टी पाहाव्यात: टोकाशी उभे दात आहेत का, जबडे मिटल्यावर टोके नीट जुळतात का, आणि टोक इतके निमुळते आहे का की ते स्क्रूच्या बाजूच्या जागेत उतरेल.

स्क्रू काढताना

पहिला नियम सुरक्षेचा. सेल आधी काढता येत असेल तर काढावा. घरगुती विजेवर चालणारी वस्तू, जुना टीव्ही, इन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह भट्टी या गोष्टी वर्गात उघडू नयेत. बंद केल्यावरही त्यांतल्या धारित्रांमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो. मोबाइलसारख्या वस्तूत लिथियम सेल असतो. त्यात पकडीचे टोक घुसले तर तो पेट घेऊ शकतो.

मग स्क्रूभोवतीची धूळ आणि सेलची पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडावी. ती पूड हाताला किंवा डोळ्यांना लागू देऊ नये. गंज दिसत असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब आट्यांशी सोडून काही तास थांबावे. डोक्याचा काठ मात्र कापडाने कोरडा पुसावा, कारण तिथे आपल्याला घर्षण हवे आहे. तेल प्लॅस्टिकवर पसरू देऊ नये.

पक्कड स्क्रूच्या अगदी सरळ रेषेत, उभी धरावी. तिरपी धरली तर एकच दात टेकतो आणि काठ तासला जातो. आधी मूठ घट्ट आवळावी, मगच फिरवावे. दोन्ही एकदम करू नये. पहिला हिसका किंचित घट्ट करण्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे द्यावा; गंजाचा थर त्याने मोडतो. मग उलट दिशेने. पकडीच्या मुठी तिच्या अक्षापासून साधारण २५ मिलिमीटरवर असतात, म्हणून ०.३ न्यूटन-मीटरसाठी तिथे १२ न्यूटन, म्हणजे सव्वा किलो वजनाएवढेच बल लागते. खरी मेहनत दाबण्यात आहे, फिरवण्यात नाही. एकदा पाव फेरा फिरला की पुढचे काम सोपे. बहुतेक वेळा नंतर बोटांनीही तो निघतो.

पक्कड जिथे पोचत नाही

डोके पृष्ठभागाच्या वर असेल तरच ही पक्कड उपयोगी. झाकणात बुडवून बसवलेले शंकूच्या आकाराचे डोके किंवा खोल भोकाच्या तळाशी असलेला स्क्रू तिला धरता येत नाही. तेव्हा कमी नुकसानीच्या उपायापासून जास्त नुकसानीच्या उपायाकडे जावे.

आधी योग्य क्रमांकाचा, टोक न झिजलेला ड्रायव्हर घेऊन शरीराच्या वजनाने खाली दाबत फिरवून पाहावे. वर उसळवणाऱ्या घटकाला उत्तर म्हणजे खाली दाबणे. ते जमले नाही तर सपाट रबरबँडचा तुकडा खाचेवर ठेवून त्यावर ड्रायव्हर दाबावा. रबर खळग्यात भरते आणि घर्षण वाढवते. हलक्या घासलेल्या स्क्रूला हे पुरते, गंजलेल्याला पुरत नाही. कारखान्यात आट्यांना चिकट द्रव लावला असेल तर सोल्डरिंग आयर्नचे टोक दहा-वीस सेकंद डोक्यावर टेकवावे. तापल्याने तो थर मऊ होतो. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसलेला असेल तर ही कृती टाळावी. यापुढचा उपाय म्हणजे बारीक कानशीने डोक्यावर नवी सरळ चीर पाडणे, आणि अगदी शेवटचा म्हणजे डोके ड्रिलने कापून टाकणे. या दोन्हींत धातूचा कीस पडतो. तो सर्किटवर गेला तर शॉर्टसर्किट होऊन चांगले उपकरण खरोखर बिघडेल. म्हणून आधी आजूबाजूला चिकटपट्टी लावावी, उपकरण उलटे धरून कीस झाडावा आणि डोळ्यांवर गॉगल असावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक. बाटलीचे झाकण कोरड्या हाताने, मग साबण लावलेल्या हाताने उघडून पाहा. नंतर झाकणाच्या रेघांवर चिकटपट्टी गुंडाळून तेच पुन्हा करा. रेघा झाकल्यावर काय फरक पडला, हे विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत लिहावे.

दोन. लाकडाच्या ठोकळ्यात एकाच मापाचे चार स्क्रू बसवा. ड्रायव्हरच्या मुठीला आडवी पट्टी घट्ट बांधा. अक्षापासून १० सेंटिमीटरवर पट्टीला दोऱ्याने ताणकाटा अडकवा आणि पट्टीला काटकोनात ओढा. स्क्रू हलतो त्या क्षणीचे वाचन न्यूटनमध्ये घेऊन ०.१ ने गुणा. हे झाले आघूर्ण. आता एक स्क्रू तेल लावून, एक मिठाच्या पाण्याने दोन आठवडे ओला ठेवून आणि एक तसाच ठेवून तुलना करा.

तीन. व्हर्निअर कॅलिपरने वेगवेगळ्या स्क्रूंच्या डोक्याचा व्यास आणि फुलीचा विस्तार मोजा. दोन्हींचे गुणोत्तर काढा. मोठ्या स्क्रूत आणि लहान स्क्रूत ते सारखेच येते का? वर केलेला ४०० आणि १५० न्यूटनचा हिशेब आपल्या मापांनी पुन्हा करा.

चार. वरच्या इयत्तांसाठी: जुन्या, टाकाऊ नोज प्लायरच्या टोकाशी त्रिकोणी बारीक कानशीने तीन-चार उभ्या खाचा पाडून पाहा. कानस नुसती घसरली तर जबडा कानशीइतकाच कठीण आहे. कानस चावली तर तो मऊ आहे, म्हणजे त्याचे दात स्क्रूवर फार दिवस टिकणार नाहीत. धातूंच्या काठिण्याचा हा सोपा प्रयोगही झाला.

नवा स्क्रू बसवायला विसरू नका

काढलेला स्क्रू पुन्हा वापरू नये. त्याच मापाचा नवा लावावा. मोडीत काढलेल्या प्रत्येक वस्तूतले चांगले स्क्रू काढून औषधाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवावेत. जाडी आणि लांबी लिहून ठेवली तर वेळेवर सापडतात. बसवताना आधी उलट दिशेने हळूच फिरवावे. ‘टक्’ असे जाणवले की आट्यात आटा बसला. मग पुढे फिरवावे आणि बोटांच्या जोराने घट्ट झाला की थांबावे. पावसाळ्यापूर्वी आट्यांना व्हॅसलिनचा पुसट हात दिला तर ओल आत जात नाही. महिनोन् महिने न वापरायचे उपकरण सेल काढूनच ठेवावे.

‘एवढा त्रास कशाला, झाकणाला चिकटपट्टी लावू’ असा विचार मनात येईल. पण बटणसेलच्या वस्तूंत हे धोक्याचे आहे. लहान मुलाने बटणसेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या उतींतून विद्युतधारा वाहते, ऋण टोकाशी अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. लहान मुलांच्या खेळण्यांत असा सेल अवजाराशिवाय हाती लागू नये, अशी सुरक्षा मानकांची अट यासाठीच आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. त्या झाकणाचा स्क्रू मुलांच्या जिवाची राखण करतो. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तेव्हा शाळेच्या पेटीत ००, ० आणि १ क्रमांकाचे चांगले ड्रायव्हर, उभ्या दातांची एक लहान पक्कड, गंज सोडवणारे तेल आणि जपून ठेवलेल्या स्क्रूंची डबी एवढे असावे. हा सगळा संच एका नव्या मल्टिमीटरच्या आसपासच्या किमतीत होतो आणि पुढची कित्येक वर्षे पुरतो. सत्राच्या सुरुवातीला एक तासिका राखून नादुरुस्त वस्तूंचा कप्पा विद्यार्थ्यांसमोर उघडावा. प्रत्येक वस्तूबाबत आधी एकच प्रश्न विचारावा: ही बिघडली आहे, की नुसती उघडत नाही? दोन्हींच्या वेगळ्या याद्या करून दुसऱ्या यादीपासून कामाला लागावे.